वाचकांचे प्रश्न : कयाकमधून समुद्रातली पहिली मासेमारी

तलावात किंवा खाडीत कयाक चालवणाऱ्या आणि आता गळ घेऊन समुद्रात उतरू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे साठली होती. त्यांतील काही या वेळी घेतली आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत. येथे ‘कयाक’ म्हणजे वर बसून चालवायची, मासेमारीसाठी केलेली रुंद कयाक असे समजावे. आत पाय घालून बसायच्या अरुंद कयाकचे तंत्र निराळे आहे, आणि नवख्याने तिच्यात बसून समुद्रात गळ टाकायला जाऊ नये असे माझे मत आहे.

प्रश्न : गेली दोन वर्षे मी मोठ्या तलावात कयाकमधून गळाने मासे धरतो. पोहायला उत्तम येते. दोन-अडीच तास सलग वल्हवले तरी दमत नाही. आता एका मित्राबरोबर किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटर आत समुद्रात जायचे ठरते आहे. माझी तयारी पुरेशी आहे की नाही, हे मी कसे ओळखावे?

उत्तर : आपल्या पत्रात पोहणे आहे, दम आहे, मासे धरण्याचा सराव आहे, एका गोष्टीचा मात्र उल्लेखही नाही. पाय टेकत नाहीत अशा पाण्यात कयाक उलटल्यावर, कोणाचीही मदत न घेता, आपण तिच्यावर पुन्हा चढला आहात काय? चढला नसाल तर तयारी झालेली नाही. चढला असाल, तर शेवटचे कधी आणि त्या वेळी अंगावर काय काय होते, हे स्वतःला विचारावे.

पोहता येते म्हणून निर्धास्त राहण्यात मोठी चूक आहे. दीड किलोमीटरवर उलटलेल्या माणसाने पोहत किनारा गाठावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते. त्याने कयाक सोडू नये एवढीच असते. रिकामी कयाक वाऱ्यावर पानासारखी सरकते आणि थोडासा वारा असला तरी चांगल्या पोहणाऱ्यालाही ती हाती लागत नाही. म्हणून पाण्यात पडल्यावर पहिला हात कयाकला, दुसरा वल्ह्याला. टोपी, चष्मा आणि आमिषाचा डबा यांचा विचार नंतर करावा.

पुन्हा चढण्याची रीत सांगायला सोपी आहे. कयाक पालथी असेल तर तिच्या मधोमध यावे, पलीकडच्या काठाचा पट्टा किंवा दोरी धरावी, गुडघे अलीकडच्या काठावर रोवावेत आणि अंग मागे टाकावे. ती सुलटी होते. मग बसण्याच्या जागेजवळ काठ धरून पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागाशी येईपर्यंत मारावेत, म्हणजे अंग आडवे होते, आणि त्याच झोकात छाती कयाकवर ओढून घ्यावी. आधी पोट बैठकीवर, मग वळून बूड, सर्वांत शेवटी पाय. पाय खाली लोंबत ठेवून नुसत्या दंडांच्या जोरावर वर येऊ पाहणारा माणूस कयाक पुन्हा स्वतःच्या अंगावर पालथी करून घेतो.

हे सगळे मला तलावात चाळीस सेकंदांत जमत होते. समुद्रातील माझ्या तिसऱ्या फेरीत मांडीवरची पक्कड घसरली, ती धरायला मी वाकलो आणि कयाक काहीही आवाज न करता उलटली. सुलटी झाली लगेच. पण वर चढताना माझ्या लाइफ जॅकेटचे पुढचे खिसे, ज्यांत एका बाजूला रेडिओ आणि दुसऱ्या बाजूला शिशाच्या वजनांची डबी कोंबलेली होती, कयाकच्या काठाला अडायचे, आणि छाती वर सरकण्याऐवजी मी पुन्हा पाण्यात जायचो. दुसऱ्या प्रयत्नात रॉडला बांधलेली दोरी घोट्याभोवती गुंडाळली आहे हे लक्षात आले. ती सोडवली, शिशाची डबी काढून टाकली आणि तिसऱ्यांदा कसाबसा वर आलो. चौथ्यांदा दंडांत जोर उरला असता असे मला वाटत नाही. तलावातल्या सरावात मी अर्ध्या चड्डीवर असायचो आणि कयाक रिकामी असायची, एवढाच काय तो फरक.

तेव्हा सराव करायचा तो समुद्रात नेणार असलेले सर्व कपडे, भरलेले खिसे आणि बांधलेले सामान यांसह. आधी तलावात, मग समुद्राच्या आडोशाच्या पाण्यात, मग थोड्या हलत्या पाण्यात, आणि शेवटी मुद्दाम दोन तास वल्हवून दमल्यावर. दोन्ही बाजूंनी चढता आले पाहिजे, कारण एका बाजूला रॉड आडवे येऊ शकतात. मित्र बरोबर आहेच, तर एकमेकांची कयाक बाहेरून आवळून धरण्याचाही सराव करावा. कोणीतरी पलीकडून भार देऊन कयाक स्थिर धरली की चढणे फारच सोपे होते. मात्र त्यासाठी मित्र शिट्टीच्या टप्प्यात, म्हणजे साधारण पन्नास मीटरांच्या आत असायला हवा. पाचशे मीटरांवर आपल्या नादात गळ टाकून बसलेला मित्र बरोबर असून नसल्यासारखाच.

ओळीने पाच वेळा, अडखळल्याशिवाय, वर येता आले की अंतराचा विचार करावा. पहिल्या खेपेला दोन किलोमीटर मला जास्त वाटतात. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे पाचशे ते आठशे मीटर पुरे. मासे तिथेही असतात.

प्रश्न : हवामानाच्या ॲपवर येत्या शनिवारी वारा ८ नॉट व लाट १ मीटर आणि रविवारी वारा ७ नॉट व लाट १ मीटर असे दिसते. आकडे जवळपास सारखे असूनही आमच्या गटातील जाणती मंडळी शनिवार चांगला आणि रविवार वाईट म्हणत आहेत. ते कशावरून?

उत्तर : आपण पाठवलेल्या आकड्यांत तीन गोष्टी नाहीत: वाऱ्याची दिशा, दोन लाटांमधील सेकंद आणि भरती-ओहोटीची वेळ. जाणत्या मंडळींनी त्याच पाहिल्या असाव्यात.

आधी वारा. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे ८ नॉट ताशी पंधरा किलोमीटरांच्या आसपास. जमिनीवर ही झुळूकच वाटते. परंतु अंदाजातील आकडा हा सरासरीचा असतो आणि मधले झोत त्याहून चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त असू शकतात. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ८ नॉटांचा वारा १६ नॉट झाला की तो दुप्पट नाही, चौपट ढकलतो. शांत पाण्यात मासेमारीची कयाक ताशी पाच किलोमीटरांच्या आसपास जाते. १५ नॉटांच्या वाऱ्याला तोंड देताना तो वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. पहिल्या खेपेला अंदाज १० नॉटांच्या वर असेल तर मी घरी बसेन.

मात्र ७ नॉटांचा वाराही कोणत्या दिशेचा, यावर सर्व अवलंबून आहे. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा नवख्याचा सर्वांत मोठा शत्रू असतो, कारण तो दिसत नाही. तो लाटांचे माथे दाबून धरतो, किनाऱ्याजवळचे पाणी तेलासारखे सपाट दिसते, टेकडी किंवा झाडी असेल तर काठावर वाराही लागत नाही. आणि आपण वल्हवत आत जातो तेव्हा वेग छान मिळतो, त्याचे श्रेय आपण स्वतःच्या दंडांना देतो. एक किलोमीटरवर टेकडीचा आडोसा संपतो, तिथे वळून पाहावे तर किनारा दूर चाललेला असतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, त्याचा इथे उपयोग होतो: स्वच्छ हवेच्या दिवशी पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो आणि दुपारकडे खारा वारा समुद्राकडून जोर धरतो. पहाटेचे गुळगुळीत पाणी पाहून भुलू नये. त्या पाण्यावरही आपण हळूहळू बाहेर ढकलले जात असतो. गळ टाकण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा, उदाहरणार्थ एक झाड आणि त्याच्या मागचा टॉवर, एका रेषेत धराव्यात. त्या एकमेकींपासून सरकू लागल्या की आपण वाहत आहोत. खुणांची दुसरी जोडी पहिलीच्या काटकोनात असली, तर बाहेर वाहणेही कळते.

आता लाट. ‘१ मीटर’ हा आकडा सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी सांगतो, त्यामुळे दिवसभरात एखादी लाट त्याच्या दुप्पट उंच आली तर अंदाज चुकला असे होत नाही. आणि १ मीटर लाट दर ४ सेकंदांनी येते की १२, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. खोल पाण्यात ४ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे २५ मीटर आणि वेग ताशी बावीस-तेवीस किलोमीटर असतो. १२ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे २२५ मीटर आणि वेग ताशी ६७ किलोमीटरांच्या घरात. पहिली आत खोलवर हाडे खिळखिळी करते. दुसरी आत जाणवतही नाही, नुसती पाळण्यासारखी उचलते आणि ठेवते. पण उथळ पाण्यात आल्यावर ती उंच होते, आणि खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की जी कोसळते, तिच्याखाली कयाक सापडू नये. म्हणजे लांब सेकंदांच्या दिवशी धोका निघताना आणि परतताना असतो, मधल्या वेळेत नाही. आपल्या रविवारचे सेकंद पाहावेत. बहुधा उत्तर तिथेच मिळेल. कयाक पाण्यात घालण्यापूर्वी किमान पंधरा मिनिटे वाळूवर उभे राहून लाटा मोजण्याची सवय ठेवावी, कारण मोठ्या लाटा जथ्याने येतात आणि मधल्या शांततेत निघालेल्या माणसाला पुढचा जथा वाटेत गाठतो.

राहिली भरती-ओहोटी. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यांवर भरती आणि ओहोटी यांत सुमारे सव्वासहा तासांचे अंतर असते, पण पाणी त्या वेळात सारख्या गतीने हलत नाही. भरतीचा एकूण चढ ३ मीटर धरला तर ढोबळमानाने पहिल्या तासाला २५ सेंटिमीटर, दुसऱ्याला ५०, तिसऱ्या व चौथ्याला प्रत्येकी ७५, पाचव्याला ५० आणि सहाव्याला २५ असा तो चढतो. याचा अर्थ मधल्या दोन तासांत ओढ सर्वांत जास्त असते, आणि खाडीच्या मुखाशी किंवा खडकांच्या टोकाशी ती आणखी वाढते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते. पहिली फेरी अष्टमीच्या आसपास, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या दिवसांत ठेवावी. ओहोटी बाहेर ओढत असताना वारा समुद्राकडून येत असेल तर दोघांच्या झुंजीत लाटा उभ्या आणि आखूड होतात. अर्ध्या तासापूर्वी सोपे वाटलेले पाणी तेच असते, फक्त प्रवाहाने दिशा बदललेली असते.

प्रश्न : फोमचे लाइफ जॅकेट घ्यावे की आपोआप फुगणारे? आणि कपडे कोणते?

उत्तर : फोमचे. आपोआप फुगणारे जॅकेट होडीत उभ्या असणाऱ्या माणसासाठी ठीक. कयाकमध्ये ते एखाद्या फुटलेल्या लाटेनेही फुगते, आणि एकदा फुगले की छातीवरच्या त्या उशीसकट कयाकवर चढणे जवळजवळ अशक्य होते. पाठीचा फोम खांद्यांकडे उंच असलेले घ्यावे, म्हणजे बैठकीची पाठ त्याला अडत नाही. जॅकेट बैठकीमागे ठेवायचे नाही, घालायचे.

कपडे हवेकडे पाहून नव्हे, पाण्याच्या तापमानाकडे पाहून निवडावेत. पाणी अंगातील उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढते. १५ अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात पडल्यावर पहिले मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही आणि दहाएक मिनिटांत बोटे ऐकेनाशी होतात, म्हणजे पुन्हा चढण्यासाठी मिळणारा वेळ तेवढाच. अशा पाण्यात ऊन कितीही असले तरी वेटसूट किंवा ड्रायसूट हवा. कोमट पाण्यात अंगभर पातळ, लवकर वाळणारे कपडे आणि बांधलेली टोपी पुरते. जाड सुती कपडे मात्र कुठेच नकोत.

प्रश्न : मी चार रॉड, फिश फाइंडर, नांगर, जिवंत आमिषाची टाकी, बर्फाची पेटी आणि कॅमेऱ्याचा खांब असे सामान जमवले आहे. रेडिओही घेतला आहे. अजून काय राहिले?

उत्तर : राहिले काही नाही, जास्तच झाले आहे. कयाकच्या कागदांवर जी भारक्षमता छापलेली असते ती कयाक बुडत नाही एवढेच सांगते. ती नीट वळावी आणि स्थिर राहावी असे वाटत असेल तर आपले वजन धरून त्या आकड्याच्या दोन-तृतीयांशांत थांबावे. पहिल्या फेरीला एक रॉड न्यावा, फार तर दोन. नांगर घरी ठेवावा, टाकी घरी ठेवावी. कॅमेऱ्याचा खांब उलटताना कुठे घुसतो हे आपण पाहिलेले नाही, तोपर्यंत तोही घरीच.

जे न्यायचे ते दोन प्रकारांत वाटावे. ज्याच्यावाचून परतता येणार नाही किंवा मदत मागता येणार नाही ते अंगावर, बाकीचे सगळे कयाकला बांधलेले. अंगावर म्हणजे जॅकेटमध्ये: शिट्टी, दोरी कापण्याचा छोटा सुरा, रेडिओ, आणि असल्यास पर्सनल लोकेटर बीकन. माझ्या वरच्या अनुभवामुळे मी हे खांद्याजवळ व बरगडीच्या बाजूला लावतो, पोटावर काही ठेवत नाही. सुरा म्यानातून एका हाताने निघाला पाहिजे, डाव्याने आणि उजव्यानेही.

रेडिओ बैठकीसमोरच्या खोबणीत ठेवलेले अनेक जण पाहिले आहेत. कयाक गेली की रेडिओही जातो. व्हीएचएफ रेडिओची १६ क्रमांकाची वाहिनी, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटाच्या हाकेसाठी राखलेली आहे. तिच्यावर ‘मेडे’ तीनदा, मग कयाकचे नाव किंवा वर्णन, आपण कुठे आहोत, काय झाले आणि किती माणसे आहेत, या क्रमाने बोलायचे असते. ही वाक्ये घरी मोठ्याने म्हणून पाहावीत. हातातला रेडिओ पाण्यालगत असतो, त्यामुळे दुसराही तसाच पाण्यालगत असेल तर बोलणे काही किलोमीटरांपलीकडे पोचत नाही. उंचावरच्या केंद्रापर्यंत ते बरेच दूर जाते. अनेक देशांत या रेडिओला परवाना लागतो, तो आधी काढून ठेवावा. लोकेटर बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर थेट उपग्रहांना खूण पाठवतो आणि किमान चोवीस तास चालतो, मात्र आपल्या नावावर नोंदवलेला नसेल तर शोध घेणाऱ्यांना कोणाला फोन करावा हे कळत नाही. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत जरूर असावा. पण ओल्या बोटांना त्याचा पडदा दाद देत नाही, हे एकदा करून पाहावे.

सामान बांधण्याबद्दल एक सावधगिरी. दोऱ्या आखूड हव्यात आणि फुटणाऱ्या लाटांतून जाताना-येताना रॉड उभे नसावेत. ते आतल्या कप्प्यात किंवा डेकवर आडवे, घट्ट बांधलेले असावेत. लाटेत उलटल्यावर लोंबणारी प्रत्येक दोरी फास होते आणि प्रत्येक मोकळा गळ कुणाच्या तरी अंगात रुततो.

निघण्याआधीची एक तपासणी मात्र कोणीच विसरू नये: मागच्या टोकाचे पाणी काढायचे बूच. ते लावायला विसरून निघालेली माणसे अर्ध्या तासाने ‘आज कयाक जरा जड चालते’ म्हणतात. आत साठलेले पाणी प्रत्येक हेलकाव्याबरोबर एका बाजूला धावते आणि जी कयाक एरवी खडकासारखी स्थिर असते ती अचानक डोलू लागते. मध्येच एकदा अंग हलवून आत खळखळ ऐकू येते का, हे पाहावे.

आणि दिसण्याचा विचार करावा. बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम ९० सेंटिमीटर उंच असतात, त्यामुळे क्षितिज साडेतीन किलोमीटरांच्याही आत येते. आणि आपण स्वतः तर मधल्या लाटांआड दिसेनासेच होतो. प्लास्टिकची कयाक रडारवरही नीट उमटत नाही. २० नॉटांनी येणारी मोटारबोट मिनिटाला सहाशे मीटर अंतर कापते. भडक रंगाचे जॅकेट, मागे उंच काठीवर झेंडा आणि अंधार-संधिप्रकाशात लगेच पेटवता येईल असा पांढरा दिवा, एवढे तरी हवेच. आपण त्यांना दिसलो आहोत असे कधीही गृहीत धरू नये.

प्रश्न : मोठा मासा लागला तर तो कयाक उलटवेल का? रॉड कयाकला बांधावा की नाही, यावरही आमच्यात दोन मते आहेत.

उत्तर : मासा क्वचितच उलटवतो, माशाकडे वाकणारा माणूस उलटवतो. मासा ओढतो तेव्हा कयाक त्याच्यामागे सरकते आणि हे सरकणेच त्याला दमवते, त्यामुळे रिळाचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत ठेवला की पुरे. १० किलोच्या दोरीला अडीच-तीन किलो. रॉड पुढच्या टोकाच्या दिशेने धरावा, म्हणजे ओढ लांबीच्या दिशेने येते. आडव्या बाजूने ताणून धरलेला रॉड हा कयाक उलटवण्याचा दांडा असतो. मासा कयाकखालून पलीकडे गेला तर रॉडचे टोक पाण्यात बुडवून पुढच्या टोकाला वळसा घालून न्यावे. डोक्यावरून फिरवायला जाऊ नये. मासा बाजूला आला की एकच नियम पाळावा: हात बाहेर गेला तरी चालेल, डोके कयाकच्या काठाच्या आत राहिले पाहिजे. पाय दोन्ही बाजूंना पाण्यात सोडून बसले तर तोल आणखी सावरतो.

पहिल्या फेरीला मासा वर ओढायचा लोखंडी आकडा (गॅफ) नको, जाळी न्यावी. लांब पक्कड, जाड हातमोजा आणि काटा दाबून चपटा केलेले गळ असावेत. असे गळ माशातून सुटायला सोपे असतात आणि स्वतःच्या बोटातून सुटायला तर फारच. न ओळखता येणारा, काटेरी पंखांचा किंवा शेपटीत नांगी असलेला मासा आला तर वर घेऊ नये, दोरी कापावी. मांडीवर उसळणारा, दात असलेला मासा ही मौजेची गोष्ट किनाऱ्यावर आल्यावरच वाटते. पकडलेले मासे दोरीत ओवून पाण्यात लोंबत ठेवू नयेत. शार्क असणाऱ्या पाण्यात ते आमंत्रण ठरते. कोणता मासा, किती लांबीचा आणि किती संख्येने ठेवता येतो, याचे त्या किनाऱ्याचे नियम आधी वाचून जावेत.

रॉड बांधण्याबद्दल: बांधावा, पण क्षणात सुटेल किंवा कापता येईल अशा दोरीने. या वादाला जुना इतिहास आहे. आर्क्टिकमधील इन्युइट लोकांनी सीलच्या कातड्याची कयाक बनवली ती शिकारीसाठीच. पण त्यांच्या हार्पूनची दोरी कयाकला बांधलेली नसे, ती फुगवलेल्या सीलच्या कातड्याच्या तरंगीला बांधलेली असे. घाव बसला की तरंगी पाण्यात टाकायची. जनावर तिला ओढत दमायचे आणि शिकारी मोकळा राहायचा. आपला रॉड गेला तर पैसे जातात, एवढेच.

नांगराविषयीही दोन-तीन वाचकांनी विचारले आहे. तो बाजूने टाकला आणि ओढ वाढली की कयाकचा तो काठ खाली खेचला जातो आणि पाहता पाहता पाणी वर येते. नांगर नेहमी टोकावरून, झटकन सुटणाऱ्या गाठीने टाकायचा असतो, आणि ते शिकायला पहिली फेरी ही जागा नव्हे. कयाक जास्त वाहत असेल तर पाण्यात सोडायची कापडी छत्री वापरावी. ती वाहणे मंद करते आणि चुकले तरी गुंडाळून घेता येते.

प्रश्न : होडीत मला समुद्र लागतो. कयाकमध्येही लागेल का?

उत्तर : लागू शकतो, आणि बहुधा वल्हवताना नाही, तर थांबून गाठ बांधताना किंवा फिश फाइंडरच्या पडद्याकडे टक लावून पाहताना लागतो. म्हणून गळ-दोरीच्या जोड्या आदल्या रात्रीच बांधून न्याव्यात आणि नजर क्षितिजावर ठेवावी. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची असेल तर ती आधी एका सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन पाहावी. काहींना तिने इतकी पेंग येते की वल्हे धरण्यात अर्थ उरत नाही. उन्हात तासाला सुमारे अर्धा लिटर पाणी प्यावे. तोंडाला पाणी सुटले, जांभया येऊ लागल्या की तेव्हाच वळावे, कारण उलट्या सुरू झाल्यावर दंडांतला जोर झपाट्याने उतरतो आणि किनारा तेवढ्याच अंतरावर असतो.

प्रश्न : माझे यजमान आणि त्यांचा मित्र पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच कयाकने समुद्रात मासे धरायला जाणार आहेत. मला यातले काही कळत नाही. ते परत येईपर्यंत किनाऱ्यावर मी काय करायचे असते? फोन लागला नाही तर लगेच घाबरावे, की वाट पाहावी?

उत्तर : ताई, आपला प्रश्न या सर्व पत्रांत मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण जाणारे हा प्रश्न स्वतःहून कधीच सोडवून जात नाहीत. घाबरायचे की वाट पाहायची, हे त्या क्षणी आपल्यावर सोडू नये. ते आदल्या दिवशी दोघांनी बसून ठरवावे.

एक कागद घ्यावा. त्यावर कोणत्या ठिकाणाहून निघणार, कोणत्या दिशेला आणि किती आत जाणार, दोन्ही कयाकचे व जॅकेटांचे रंग, गाडीचा क्रमांक, रेडिओ व बीकन बरोबर आहे की नाही, आणि तिथल्या सागरी बचाव केंद्राचा क्रमांक असे सर्व लिहून घ्यावे. मग दोन वेळा लिहाव्यात. पहिली, परत येण्याची: समजा अकरा. दुसरी, आपण बचाव केंद्राला फोन करण्याची: समजा साडेबारा. मधला दीड तास मासे लागल्यामुळे झालेल्या उशिरासाठी, उलट्या वाऱ्यासाठी आणि बंद पडलेल्या मोबाइलसाठी आहे. त्या वेळात फोन लागला नाही तर काळजी वाटेल, पण ती वेळ आधीच मोजलेली आहे. साडेबारा वाजले की मात्र आणखी पाच मिनिटे नाहीत. ‘येतीलच, उगाच गाजावाजा नको’ असे त्या वेळी जवळचे लोक म्हणतात. आपण कागद वाचून दाखवावा आणि फोन करावा. बचाव केंद्रातील माणसांना नंतर ‘आले परत’ असे कळवलेले कधीही चालते; उजेड गेल्यावर कळवलेले त्यांना फार अवघड जाते.

फोन केल्यावर तिथून हलू नये आणि तोच फोन मोकळा ठेवावा, कारण ते पुन्हा विचारणार असतात. ओळखीच्या कोणाला छोट्या होडीतून शोधायला पाठवू नये. मग शोधायची माणसे वाढतात.

यजमानांनाही एक अट घालावी. ठरलेल्या ठिकाणाऐवजी भलतीकडून निघायचे झाले, किंवा वारा पाहून बेत बदलला, तर पाण्यात उतरण्यापूर्वी आपल्याला कळवायचे. कागदावरची जागा आणि प्रत्यक्ष जागा वेगळी असेल तर तो कागद नसल्यापेक्षा वाईट. आणि किनाऱ्यावर कयाक ओढून घेतली की पहिला फोन आपल्याला, माशाचा फोटो त्यानंतर.